पांढरी खोळ

त्या सकाळी देवकानं माझ्या शर्टाचं वरचं बटन लावलं. रोजच लावायची. माझा उजवा हात गळ्यापर्यंत पोचत नाही. जबलपूरशेजारच्या रांझीच्या फॅक्टरीत ठेकेदाराच्या हाताखाली जन्मभर पेट्या वाहिल्या, खांदा तिथंच गेला. म्हणून वरचं बटन बायकोचं.

"हालू नोका जी," ती म्हणाली. "मान वर करा. अजून वर. छताले जाळे लागले का ते पाहा."

मी पाहिलं. "लागले."

"मंग रविवारी काढजा." बटन लावून तिनं छातीवर एक चापट मारली. झालं, निघा, अशी.

आमचं दोघांचं रोजचं काम ते शेवटचं. तेव्हा काय माहीत. बस पकडायची घाई, मी डबा चुलीजवळच विसरून निघालो.

मी जबलपुरात एका ट्रेनिंग सेंटरात चपराशी होतो. पाणी, चहा, झाडू, सगळं. तिथं नोकरीवाल्या लोकांना शिकवतात. बँकेतले, कंपनीतले, शोरूममधले. काय शिकवतात? तर उभं कसं राहायचं. बसायचं कसं. हात कसा मिळवायचा. समोरच्याच्या डोळ्यात किती पाहायचं. तोंडाच्या आधी शरीर बोलते म्हणे, आणि नोकरी शरीरच मिळवून देते. लोक पैसे भरून हे शिकायला येतात. शिकवणारे सर तेच सेंटरचे मालक.

हॉलमध्ये खुर्च्या. हरेक खुर्चीला पांढरी खोळ. त्या खोळी मी धुवायचो. कुठं डाग राहिला तर सर एक शब्द बोलायचे नाहीत. बोट दाखवायचे. बोट डागाकडं, मग माझ्याकडं, मग न्हाणीकडं. बस. मी खोळ काढून न्हाणीत जायचो. एका हातानं पिळायची, दुसरा नुसता धरायला.

आणि हरेक बॅचला एक वेळ यायची.

"दादा, ज़रा इधर आइए. कुछ नहीं करना है, बस खड़े रहिए."

मी जाऊन उभा राहायचो. सरांच्या हातात लाल टिपका पाडणारी बॅटरी. तो टिपका माझ्या अंगावरून फिरायचा. खांद्यावर. मानेवर. हातांवर. बंदुकीचा टिपका फिरतो तसा.

"कंधे देखिए. गर्दन देखिए. नज़र कहाँ है? ज़मीन पर. हाथ? बंधे हुए. इन्होंने अभी मुँह नहीं खोला, और आपको सब मालूम पड़ गया कि नहीं? ऐसे खड़े रहोगे तो ज़िंदगी भर पानी पिलाओगे."

लोक हसायचे. सर म्हणायचे, थँक्यू दादा. लोक टाळ्या वाजवायचे. मग जे हसले त्यांनाच मी पाणी द्यायचो.

मला राग यायचा का? नाही यायचा. खरं सांगतो. मला वाटायचं, झाडू मारणं जसं काम, तसं हेही काम.

त्या दिवशी देवका डबा घेऊन आली. रांझीहून बसनं. एवढ्या वर्षांत सेंटर तिनं पाहिलं नव्हतं. हॉलच्या दाराशी येऊन उभी राहिली, डबा पोटाशी धरून. आत बॅच चालू होती, मी ट्रे घेऊन भिंतीशी. सरांचं लक्ष गेलं.

"अरे, दादा की मिसेस हैं? आइए भाभीजी, आइए. डरिए मत, यहाँ सब अपने हैं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. सर बोलवून राहिले तर जावं लागते. ती समोर गेली. सरांनी स्वतःच्या हातानं एक खुर्ची पुढं ओढली.

"बैठिए."

देवकानं खुर्चीकडं पाहिलं. मग मान वळवून आपल्या लुगड्याच्या मागं पाहिलं. मग खुर्चीच्या पायाशी खाली फरशीवर बसली. डबा मांडीवर.

हॉल हसला.

"देखा आपने?" सर म्हणाले. "कुर्सी सामने है. किसी ने रोका नहीं. मैंने ख़ुद दी. फिर भी ज़मीन. क्यों? क्योंकि कुर्सी इनके दिमाग़ में है ही नहीं."

अजून हसले. देवकाला वाटलं काही गंमत चालली. मग तीही हसली. तिचे समोरचे दात पडले आहेत, म्हणून हसताना तोंडावर हात धरते. तसा धरला.

"हाथ! हाथ देखिए! हँसने की भी परमिशन नहीं दे रहीं ख़ुद को!"

एक पोरगी बाजूला मोबाइल धरून उभी होती. सरांच्या ऑफिसातली. ती सगळ्याचा व्हिडिओ काढून राहिली होती.

मी ट्रे धरून उभा. मग तोच ट्रे घेऊन रांगेनं पाणी दिलं.

सुटी होईपर्यंत ती बाहेर पायरीवर बसून राहिली. मग आम्ही सोबतच बसनं निघालो. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली,

"काहून हासत होते जी ते?"

"असंच. त्यांचं हासूनच चालते सारं."

"मी खाली बसली म्हणून?"

मी खिडकीतून पाहून राहिलो.

"पांढरी खोळ होती न तिथं," ती म्हणाली. "येतानी बसमध्ये जागा नव्हती, मी इंजनाच्या झाकणावर बसली. लुगड्याले मागून सारं काळं लागलं. खुर्चीवर बसली असती तर डाग पडला असता. मंग धुतली कोणं असती? तुमीच न? त्या हातानं?"

मी उजवा हात मांडीवर ओढून घेतला.

"तुमच्या सरले सांगजा," ती म्हणाली. "नाही त त्याईले वाटन, हिले खुर्ची समजत नाही."

"सांगतो."

"सांगजाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्ट घालून घरात उभा होतो. वरचं बटन उघडं. ती नळावर गेली होती, वाट पाहून राहिलो. बाहेर बायका ओरडल्या. गेलो तर बादली आडवी, पाणी वाहून राहिलं, आणि ती नळाच्या ओट्याशी पडलेली. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हार्ट.

म्हणजे जगात तिला शेवटचं जे मिळालं ते काय? हॉलभर लोकांचं हसणं.

सगळं आटोपून मी कामावर गेलो. घरी बसून काय करणार होतो? जाळे पाहत? ते छताला तसेच होते. मुलगा पुण्याकडं, फोनवर म्हणाला, "बाबा, इधर आ जाओ." तो इथंच हिंदीत वाढला, त्याला मराठी समजते, बोलणं होत नाही. मी म्हटलं, पाहू.

सरांनी मला पाहिलं. जवळ आले. डोकं थोडं एका बाजूला कलवलं. हात माझ्या खांद्यावर ठेवला. थोडा दाबला. मनात मोजत असावेत. मग काढला. "बहुत अफ़सोस हुआ दादा."

मला हे ठाऊक होतं. मी पाणी देताना शंभरदा ऐकलं होतं. ऑफिसात कोणाच्या घरी कोणी वारलं तर काय करायचं, याचा धडा आहे त्यांचा. डोकं किती कलवायचं, हात किती वेळ ठेवायचा. सरांनी धडा बरोबर केला. मग खिशातून हात साफ करायच्या वासाच्या दवाईची बाटली काढली आणि ती दवाई दोन्ही हातांना चोळली. ते धड्यात नव्हतं.

जाता जाता वळले. बोट माझ्या गळ्याकडं. "दादा, बटन."

मी हात नेला. पोचला नाही. सर वाट न पाहता आत गेले.

मग नवी बॅच आली. दिवे बंद झाले, पडद्यावर उजेड पडला. मी भिंतीशी ट्रे घेऊन. आणि पडद्यावर देवका आली.

भिंतीएवढी मोठी. चालत येऊन राहिली, डबा पोटाशी धरून. मला आधी आनंदच झाला. जिवंत. तीच चाल, डाव्या पायावर जरा लंगडी. मी मनात म्हटलंही, आली का? मग ती खाली बसली. अंधारात लोक हसले. ती हसली, हात तोंडावर गेला, आणि सरांनी तिला तिथंच थांबवली. तशीच. हात तोंडावर धरलेली. तिच्या हाताभोवती लाल गोल केलेला. गुडघ्याकडं लाल बाण.

"ये क्या है? बताइए. कौन बताएगा?"

हात वर झाले. एक म्हणाला, लो कॉन्फिडन्स. एक पोरगी म्हणाली, फियर. एक म्हणाला, "सर, पॉवर्टी." त्यावर जास्त हसले.

मला आठवलं, सांगजा म्हणाली होती. आणि मी सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच कुठं होता, दुसऱ्या दिवशी तर तीच गेली.

बॅच सुटल्यावर केबिनमध्ये गेलो. चपला बाहेर काढून. तिथं तशीच रीत आहे.

"सर, वो वाला हटा दीजिए. वो अब नहीं है."

"कौन सा?"

"मेरी घरवाली वाला."

सर हसले. वाईट हसले नाहीत, चांगलेच हसले, लेकराला हसतात तसे. "अरे दादा, वो तो हमारा बेस्ट है. सबसे ज़्यादा उसी से सीखते हैं लोग. पुण्य मिल रहा है उनको. और आपको तो ख़ुश होना चाहिए, रोज़ दर्शन हो जाते हैं."

मी उभा राहिलो. सरांनी मोबाइल उचलला. म्हणजे जा. मी जायला लागलो. मागं-मागं. तोंड सरांकडं, पाठ दाराकडं, हात बांधलेले. बायकोबद्दल असं ऐकून घेतलं आणि साहेबाला पाठ दाखवायची नाही म्हणून मागं-मागं चालत बाहेर आलो. दाराची कडी कमरेत लागली.

बाहेर चपला घालताना मला माझा बाप आठवला.

आमचं गाव वर्ध्याकडचं. आमची वस्ती गावाच्या बाहेर. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली होती, मालगुजार राहिला होता. तो रस्त्यानं निघाला की आमच्या लोकांनी उठून उभं राहायचं. बाजेवर असो, जेवायला बसला असो. एकदा बापाला ताप होता. अंगणात बाजेवर पडला होता. मालगुजार आला. बाप उठता उठता उशीर झाला. मालगुजारानं बाज लाथेनं उलटी केली. मग बापाला त्याच्याच चपला डोक्यावर धरून उन्हात उभं केलं. तापातच. मी ओट्याशी उभा. मालगुजाराचं माझ्याकडं लक्ष गेलं. म्हणाला,

"बरं झालं, पोरगं पाहून राहिलं. शिकन."

शिकलो. बरोबर शिकलो. खांदा पेट्यांनी गेला, ते खरं. नजर खाली असते कारण हातात ट्रे असतो, तेही खरं. पण हात बांधणं, मागं-मागं चालणं, बोलावलं की जाऊन उभं राहणं, ते पेट्यांनी नाही दिलं. ते मला त्या उन्हानं दिलं. मलाही ट्रेनिंग झालं होतं. फुकट. आणि सर म्हणत होते, हे ह्यांच्या दिमागात आहे. दिमागात कोणी घातलं, तो टिपका कधीच तिकडं गेला नाही.

लोग सीखते हैं, सर म्हणाले. शिकन, मालगुजार म्हणाला. एकच वाक्य. मधात माझं पूर्ण आयुष्य.

पुढची बॅच मोठ्या कंपनीची होती. कोट घातलेले, गळ्यात पट्टे लटकवलेले लोक. दिवे बंद झाले. देवका आली. डबा पोटाशी.

मी ट्रे खाली ठेवला. फरशीवर. आणि चालत जाऊन उजेडात उभा राहिलो. पडद्याच्या समोर.

डोळ्यांत उजेड घुसला, काही दिसेना. खाली पाहिलं तर ती माझ्या शर्टावर होती. तिचं लुगडं माझ्या पोटावर, तिचा हात माझ्या छातीवर हलत होता. चापट मारायची तिथंच.

"दादा, साइड में."

मी हललो नाही. ताठ झालो म्हणाल तर ते नाही. माझी पाठ ताठ होतच नाही आता. वाकलेलाच उभा होतो. पण उभा माझ्या मनानं होतो.

"दादा, सुनाई नहीं दे रहा?"

लोक हसले. त्यांना वाटलं हेही शिकवण्यातलंच. सरांनी तेच धरलं. हुशार माणूस.

"देखिए, इसे कहते हैं इमोशनल ब्रेकडाउन. इनकी वाइफ़ की डेथ हुई है. आपके ऑफिस में कोई स्टाफ ऐसे टूट जाए तो कैसे हैंडल करेंगे? पहला स्टेप. पास जाइए."

पेनं निघाली. ते लिहून घेऊन राहिले होते.

सर जवळ आले. डोकं कलवलं. हात उचलला, माझ्या खांद्याकडं आणला.

मी खांदा काढून घेतला.

बस एवढंच केलं. खांदा मागं घेतला. पण सरांचा हात तिथंच हवेत राहिला. आता त्या हाताला कुठं जावं ते समजेना. खाली येईना, पुढं येईना. सगळा हॉल तो हात पाहून राहिला. त्यांनीच शिकवलं होतं, हात पाहा म्हणून.

मी बोललो. माझा आवाज त्या हॉलात त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

"ये देवका है. मेरी औरत. मर गई. कुर्सी इसको मालूम थी. इसकी साड़ी में बस का काला लगा था, इसलिए नहीं बैठी. क्योंकि ये खोल मैं धोता हूँ. इसने बोला था, सर को बताना. बता दिया. अब इसको उतारो."

पहिल्या रांगेतला एक जण अर्धा उठला, आपल्या खालच्या खोळीकडं पाहिलं, आणि परत बसला. मला वाटलं कोणी तरी एक शब्द बोलेल. एकानं घड्याळ पाहिलं.

सरांनी बोट उचललं. माझ्याकडं. मग दाराकडं. गार्ड आला, इथल्याच पाटन गावाकडचा आहे, माझ्यासोबत तंबाखू खाणारा. दंडाला धरून मला बाहेर नेलं. माझ्या मागं सर म्हणाले, "सॉरी फ्रेंड्स. अब आगे देखते हैं." आणि लोक हसले. म्हणजे पडद्यावर ती तशीच होती. मी हटलो आणि ती परत दिसली.

पायरीवर गार्ड म्हणाला, "दादा, कल से मत आना, सर बोल रहे हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो.

शर्ट घातला. वरचं बटन उघडंच ठेवलं. बसमध्ये मागं जागा होती, तरी मी ड्रायव्हरजवळ इंजनाच्या झाकणावर बसलो. चांगला टेकून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, कपड़े काले हो जाएँगे." मी म्हटलं, "होने दो."

सेंटर उघडलं होतं. गार्ड चहाच्या टपरीवर. मी हॉलमध्ये गेलो, समोरची एक खुर्ची ओढत बाहेर आणली, आणि मोठ्या दाराच्या मधोमध ठेवली. पांढरी खोळ, मीच धुतलेली. त्यावर बसलो. पाठ टेकून.

गार्ड धावत आला. "दादा, उठ जाओ न. मेरी नौकरी खाओगे क्या?"

"तू भी बैठ जा."

"मैं बैठा तो घर पे बैठूँगा, हमेशा के लिए."

"तो खड़ा रह."

तो बाजूला उभा राहिला. बॅचचे लोक यायला लागले. दारात खुर्ची, खुर्चीवर मी. कोणी आडवं होऊन बाजूनं गेलं, कोणी रस्त्यावरच थांबलं. कोणी मोबाइल काढला. काढा म्हटलं. यावेळी मी बसलेला आहे, तोही काढा.

मग सरांची गाडी आली.

दार उघडलं, सर उतरले, आणि माझे गुडघे उठायला निघाले. मी नाही, गुडघे. जुनं शिक्षण. मांड्या खुर्चीवरून सुटल्यासुद्धा. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. उजवा खांदा कळवळला. दाबूनच धरले. हळूहळू ते बसले.

सर समोर येऊन उभे राहिले. बोट उचललं. माझ्याकडं, मग रस्त्याकडं.

मी बोटाकडं पाहिलं नाही. डोळ्यांत पाहिलं. सरांचे डोळे भुरे आहेत. इतकी वर्षं त्यांना पाणी दिलं, मला माहीत नव्हतं.

"पुलिस बुलाऊँ?"

"बुलाइए. पहले देवका को उतारिए."

ते पाहून राहिले. मीही पाहून राहिलो. नजर त्यांनी आधी काढली, घड्याळाकडं नेली.

पोलिस येतील. उचलतील, तर खुर्चीसकट उचलावं लागेल. सोडतील तेव्हा परत येईन, परत बसेन. ती त्या पडद्यावर खाली बसलेली आहे तोवर मी इथं वर बसलेला राहीन. माझ्या खाली खोळीला काळा डाग पडला असेल. चांगला मोठा पडू दे.

ती खोळ आता मी धुणार नाही.